‘बॉक्स’ म्हणता येत नाही म्हणून

फोन आईचा होता. “मॅडम, दहावीत आहे. शाळेच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड खेळतो. डावा हात कच्चा आहे त्याचा. आता सर म्हणतात, हा जबाबदारीच घेत नाही. मी म्हटलं, दुसरी जागा माग. तर तेही नको. तुम्ही जरा समजावता का?”

दर हंगामात असा एखादा फोन येतोच, फक्त उणीव बदलते. कुणाची उंची कमी, कुणाचा लांबचा शॉट पडत नाही, कुणी प्रेस लागला, म्हणजे समोरचे मैदानभर अंगावर येऊ लागले, की गोंधळतो. इतर चौघांचं थोडंफार झाकलं जातं. पॉइंट गार्डचं झाकत नाही, कारण चाल तोच लावतो, चेंडू बहुतेक वेळ त्याच्याच हातात असतो आणि दुसऱ्या क्वार्टरपर्यंत समोरच्यांना सगळं कळलेलं असतं. मग मुलं विचारतात, ही उणीव जाईपर्यंत या जागेवर खेळू की नको? या मुलाची गोष्ट त्याच्या आणि घरच्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं बदलून सांगते आहे.

पहिल्या भेटीत मी प्रश्न मुलाला विचारत होते आणि उत्तरं आई देत होती. त्याने दोनदा बोलायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी ‘प’वर अडकला. डोळे मिटले, मान जराशी मागे गेली. आईने सवयीने वाक्य पुरं करून टाकलं. आणि मी, इतकी वर्षं खेळणाऱ्या मुलांचं समुपदेशन करणारी बाई, काय म्हणावं? “सावकाश बोल, आधी श्वास घे.” अडखळत बोलणाऱ्या माणसाने हे वाक्य जन्मभर ऐकलेलं असतं आणि त्याने कधीच काही सुटलेलं नसतं. उलट आपल्या बोलण्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे एवढंच कळतं, आणि जीभ आणखी आवळते. पुढच्या भेटीत मी त्याची माफी मागितली, आईंना बाहेर बसायला सांगितलं आणि गप्प बसले. त्या तासात तो एकूण सात-आठ वाक्यं बोलला असेल. बास्केटबॉलबद्दल एकही नाही.

म्हणून मी त्यांची एक सराव मॅच पाहायला गेले. डावा हात कच्चा होता हे खरं. पण मला दुसरंच काहीतरी खटकत होतं. चेंडू घेऊन मधली रेघ ओलांडली की हा दर वेळी ‘हॉर्न्स’ असं ओरडून तीच चाल लावायचा. दोन उंच मुलं फ्री-थ्रो रेषेच्या दोन टोकांना, दोघं कोपऱ्यांत, हा मध्ये. समोरचा बचाव मॅन-टू-मॅन (एकाला एक) असो की झोन (आपापली जागा राखणारा), हॉर्न्सच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तर समोरची मुलं त्याच्या आधी ओरडायला लागली, “हॉर्न्स येतंय!” त्यानंतर त्याने चेंडू शूटिंग गार्डकडे, म्हणजे जोडीच्या गार्डकडे, देऊन कोपरा धरला. बाकावरून सर ओरडले, “अरे, पळतोस कुठे?”

पुढच्या भेटीत मी वही आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. “तुमच्याकडे सेट, म्हणजे ठरलेल्या चाली, किती आहेत?” त्याने चार नावं लिहिली. हॉर्न्स, फिस्ट, पंच, बॉक्स. मग शेवटच्या तिन्हींच्या पहिल्या अक्षराभोवती गोल केला. फ, प, ब.

व्याकरणाच्या तासाला ज्यांना ओष्ठ्य वर्ण म्हणतात, ते. ओठ मिटले की उघडतच नाहीत, असं त्याने हळूहळू सांगितलं. ‘हॉर्न्स’ला ओठ मिटावे लागत नाहीत. म्हणजे हा मुलगा बचाव बघून चाल निवडतच नव्हता, तोंडातून निघणारा शब्द निवडत होता. अडखळणारी माणसं रोजच्या बोलण्यात हेच करतात. ‘पाणी’ अडणार असं वाटलं की ‘तहान लागली’ म्हणतात. घरी ते खपून जातं. पण मैदानावर 8 सेकंदांत चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे न्यायचा असतो आणि 24 सेकंदांत शॉट रिंगला लागायचा असतो. त्यातली चार सेकंदं एका ‘ब’वर गेली तर उरतं काय? बरं, त्याला बचाव वाचता येत नव्हता का? मी मॅचमधले तीन प्रसंग सांगितले. तिन्ही वेळा कोणता सेट हवा होता ते त्याने क्षणात लिहून दाखवलं, कारणासकट.

डाव्या हाताचं आईला कुणी सांगितलं, असं मी विचारलं. “म... मीच,” तो म्हणाला. सांगायला ते सोपं होतं.

धीर देण्यासाठी मी त्याला बॉब लवची गोष्ट सांगितली. 1970च्या दशकात अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या शिकागो बुल्स संघाचा, तीनदा ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड) झालेला खेळाडू, बोलताना फार अडखळायचा. खेळ संपल्यावर बोलता येत नाही म्हणून नीट नोकरी मिळेना, हॉटेलात ताटल्या उचलल्या. चाळिशीनंतर उपचार घेतले आणि पुढे त्याच बुल्ससाठी लोकांपुढे भाषणं करू लागला. गोष्ट ऐकून पोरगा म्हणाला, “प... पण तो फॉरवर्ड होता. त्याला कॉल द्यावा लागत नव्हता.” बिनतोड.

जेसन किड मात्र त्याला पटला. अस्सल पॉइंट गार्ड. सुरुवातीच्या काळात त्याचा जंप शॉट, म्हणजे उडी मारून टाकायचा शॉट, इतका कच्चा होता की लोक त्याला ‘एसन’ म्हणायचे, कारण इंग्रजीत जंप शॉटला ‘जे’ म्हणतात आणि याच्याकडे तेवढा ‘जे’ नाही. नावातलं अक्षरच काढून घेतलं, हे ऐकून तो पहिल्यांदा मोकळा हसला. शॉट सुधारेपर्यंत किड बाकावर बसून राहिला नाही. पास, रिबाउंड आणि बचाव यांच्या जोरावर खेळत राहिला. शॉट मागाहून, वर्षांनुवर्षांत आला. 2011मध्ये डॅलसकडून तो एनबीए विजेता झाला, आणि 2013मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 1,988 तीन-गुणी बास्केट होते.

मुलांना मी हेच सांगते, की उणिवेची दुरुस्ती एका घड्याळावर चालते आणि मॅच दुसऱ्या. आमच्याकडे जिल्हा स्पर्धेला पाच आठवडे होते. बोलण्यावरचं काम माझं नाही, म्हणून त्याला स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं, आणि ते पाच आठवड्यांत संपणारं नव्हतं. तोवर खेळायचं कसं, एवढंच आमच्या हातात होतं. मला सुचलेला उपाय जुनाच, हातांच्या खुणांचा. वळलेली मूठ म्हणजे फिस्ट, तर्जनी आणि करंगळी वर म्हणजे हॉर्न्स, डोक्यावर थाप म्हणजे पंच, दोन बोटांनी हवेत चौकोन म्हणजे बॉक्स. कितीतरी संघ हे करतात, त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही.

थेरपिस्टबाईंना ते तितकंसं रुचलं नाही. त्यांचं म्हणणं, शब्द टाळला की त्याची भीती वाढते, आणि तुम्ही तर टाळायची सोयच करून देताय. मुद्दा खरा होता. आम्ही फोनवर बराच वेळ वाद घातला. शेवटी ठरलं ते असं: चालत्या खेळात खूण, आणि त्याने खूण केली की सेंटरने, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच मुलाने, ती मोठ्याने उच्चारायची. टाइम-आउटच्या एका मिनिटात मात्र पुढची चाल यानेच सांगायची, अडखळला तरी, आणि कुणीही त्याचं वाक्य पुरं करायचं नाही.

त्यासाठी संघाला सांगणं आलं. तिथे तो अडून बसला. दोन आठवडे. मी घाई केली नाही, तसं करायचा मोह मात्र खूप झाला. शेवटी एका सरावानंतर त्याने स्वतःच सांगितलं. काय झालं विचारलं तर म्हणाला, सेंटर हसला आणि म्हणाला, “अरे, आम्हाला माहितीये. तुला आवडणार नाही म्हणून कोणी बोललं नाही.” सर काही न बोलता उठले आणि बूट बांधत बसले. दुसऱ्या दिवसापासून सरावात तेही खुणाच करायला लागले.

आणि मग डावा हात खरोखरच आडवा आला! उजव्या हाताने ड्रिबल करताना खूण डाव्याने करता येते. पण समोरच्याने उजवी बाजू बंद केली की चेंडू डाव्या हातात घ्यावा लागतो, आणि मग सगळं लक्ष त्या चेंडूतच. उजवा हात मोकळा असूनही खूण राहूनच जाते. यावर माझ्याकडे काही जादू नव्हती. सरांनी रोजची वीस मिनिटं डाव्या हाताला दिली, आणि प्रेस लागला तर चेंडू वर आणायचं काम शूटिंग गार्डकडे. याने पलीकडे मोकळ्या जागेत तो परत घ्यायचा आणि तिथून चाल लावायची. आता चेंडू सोडण्याला कुणी पळणं म्हणत नव्हतं, कारण ते सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं.

जिल्हा स्पर्धेत ते उपांत्य फेरीत चार गुणांनी हरले. शेवटच्या मिनिटात गर्दीत सेंटरने बॉक्सची खूण चुकीची वाचली आणि पास थेट बाहेर गेला. तो भेटायला आला तेव्हा चिडलेला होता, पण चीड वेगळी होती. “ओरडायला हवं होतं मी. ब... ब... बॉक्स. उशीर झाला असता, प... पण कळलं तरी असतं.”

त्याच्या पुढच्या भेटीची तारीख ठरलेली होती. त्याच्या आदल्या संध्याकाळी फोन वाजला. नाव आईचं दिसत होतं. उचलला, तर पलीकडे नुसता श्वास. मी थांबले.

“म... मॅडम, प... परीक्षा आहे. पुढच्या आठवड्यात येऊ?”