इटलीत अनोळखी माणसाला किंवा दुकानदाराला ‘चाओ’ म्हटलेले चालते का?

अनोळखी, वडीलधाऱ्या किंवा कामानिमित्त भेटणाऱ्या व्यक्तीला ‘चाओ’ म्हणणे टाळावे. तो शब्द मित्रमंडळी, घरची माणसे आणि लहान मुले यांच्यासाठी असून भेटताना व निरोप घेताना, दोन्ही वेळी चालतो. दुकानात पाऊल टाकताच, काय हवे ते सांगण्याआधी, सकाळी ‘बुओंजोर्नो’ आणि संध्याकाळी ‘बुओनासेरा’ अवश्य म्हणावे, कारण अभिवादन न करता थेट मागणी करणे तिथे उद्धटपणाचे वाटते. ‘बुओनासेरा’ दुपारी नेमके केव्हापासून म्हणायचे हे प्रांतागणिक बदलते, त्यामुळे समोरचा जे म्हणेल तेच परत म्हणणे मला सर्वांत सुरक्षित वाटते. समोरच्याला ‘तू’ म्हणावे की आदरार्थी ‘लेई’, असा संभ्रम असेल तेव्हा ‘साल्वे’ हे अभिवादन सोयीचे पडते. ‘बुओनानोत्ते’ मात्र रात्री निरोप घेतानाच म्हणतात. रात्री 9 वाजता उपाहारगृहात शिरतानाही ‘बुओनासेरा’च योग्य.