आधी कौलं मोज

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर ओढत होतो. तू रडत होतीस आणि मध्येच रेंज जात होती. एवढं कळलं की जांबोटीकडच्या घराचं निम्मं छप्पर उघडं पडलंय, चार लाख साठ हजारांच्या कामापैकी दोन लाख दहा हजार देऊन झालेत आणि कंत्राटदार आठ दिवस फोन उचलत नाही. तू बेंगळुरूत, बाबा गावात एकटे, आणि त्यांना अजून खरं काय ते सांगितलेलं नाहीस. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरायला होतं, म्हणून लिहून पाठवतोय.

सगळ्यात आधी छप्पर. मे संपत आलाय. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस कसा असतो ते तुला मी सांगायला नको. मृगाच्या आधी वळवाचे दोन सडाके झाले तरी मातीच्या भिंती फुगतील. चारी बाजूंनी फोटो काढ आणि लगेच ताडपत्री घाल. ताडपत्री, सुतळी, वर चढणाऱ्या दोन गड्यांची मजुरी, सगळ्याची पावती ठेव. ‘त्यानं उघडं टाकलंय, भिजू दे, सगळं त्याच्याकडूनच वसूल करीन’ असं मनात आणू नको. नुकसान भरून मागताना, ते वाढू नये म्हणून तू काय केलंस हेही बघितलं जातं. १८७२ च्या करार कायद्यात, कलम ७३ मध्ये, ते आहे. हातावर हात ठेवून बसलेल्याची भरपाई कमी होते.

आता मोजणी. हे काम तुला कंटाळवाणं वाटेल, पण माझ्या मते इथंच निम्मा निकाल लागतो. तू म्हणालीस, ‘काका, त्यानं दोन लाख खाल्ले.’ नसतील खाल्ले. काही काम झालंय, काही माल आलाय. तो उद्या समोर आला तर पहिलं वाक्य हेच टाकणार, ‘अहो ताई, तुमचेच पैसे तुमच्या घरात घातलेत.’ त्यावर तुझ्याकडे आकडा नसेल तर तू ओरडशील आणि तो शांत दिसेल.

म्हणून शनिवारी गावी ये. शेजारचे दोघं जाणते बरोबर घे. आणि ज्याचा या कंत्राटदाराशी काही संबंध नाही असा एक मेस्त्री घे, त्याला दिवसाची हजेरी दे. उतरवून रचलेली कौलं मोज. मंगळुरी कौल एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, साधारण दीडशे लागतं, म्हणजे किती छप्पर उतरलंय आणि किती कौलं फुटली किंवा गायब झाली ते तिथंच कळेल. वासे आणि रीपा नवीन किती आल्या, जुन्यातल्या किती वाळवी लागलेल्या म्हणून काढल्या, तेही मोज. पडवीच्या स्लॅबसाठी सळी आलीय म्हणालीस. तिची गंमत सांगतो. सळीच्या जाडीचा मिलिमीटरमध्ये वर्ग कर आणि १६२ ने भाग, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. बारा एमएमची सळी मीटरला ८८८ ग्रॅम, म्हणजे बारा मीटरची अख्खी सळी दहा किलो सहाशेच्या आसपास. आठ एमएमची अख्खी सळी पावणेपाच किलोच्या आसपास. तुझ्या फोटोत बारा एमएमच्या चौदा आणि आठच्या दहा दिसतात. सगळं मिळून दोन क्विंटलसुद्धा भरत नाही. त्यानं तुला मेसेजमध्ये ‘चार क्विंटल टाकलीय’ लिहिलंय. तो मेसेज जपून ठेव.

सिमेंटची पोती असतील तर त्यावर छापलेला, बनवल्याचा आठवडा आणि वर्ष बघ. तीन महिने पडून राहिलेलं सिमेंट ताकद गमावतं, त्याचा पूर्ण भाव धरू नको.

हे सगळं एका कागदावर लिही. काय झालं, काय राहिलं, आलेल्या मालाची किंमत काय, मजुरी किती झाली. खाली तारीख, मेस्त्रीची आणि दोन शेजाऱ्यांची सही. सरकारी पंचनाम्याइतकं वजन त्याला नाही, पण नुसत्या तक्रारीपेक्षा पुष्कळ आहे. त्याच्या सेंट्रिंगच्या प्लेटा आणि बांबू तिथं पडले असतील. ते कोंडून ठेवायचा मोह होईल. नको. उद्या तोच पोलिसात जाऊन म्हणेल की माझं सामान अडवलंय. त्याची यादी कर, फोटो काढ आणि ‘येऊन घेऊन जा’ असा मेसेज टाक.

तीस-पस्तीस वर्षं लोखंड-सिमेंटच्या काउंटरला उभा आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो. बुडवणारे सगळे ठरवून ठग नसतात. पुष्कळजण याची टोपी त्याला घालत असतात. मागच्या घराचं फरशीवाल्याचं देणं थकलेलं असतं, ते तुझ्या विसाराच्या पैशातून भागतं. तुझं काम चालू ठेवायला पुढचं घर शोधावं लागतं. एखादा मोठा गिऱ्हाईक हटला की साखळी तुटते, आणि तुटते ती नेमकी शेवटच्या घरावर. आमच्याकडेही असे लोक उधारीवर माल उचलतात. कधीकधी घरमालकाच्या नावावर. तेव्हा ज्या दुकानातून तुझ्याकडे माल आला तिथं जाऊन विचार, ‘आमच्या कामाचं बिल भागलंय का, बिल कुणाच्या नावावर आहे?’ नाही तर दोन महिन्यांनी दुकानाचा माणूस बाबांच्या दारात उभा राहील.

एवढं कळूनही मी स्वतः फसलो, हे तुझ्या बाबांनाही माहीत नाही. २००६ मध्ये वडगावच्या घराच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं होतं. माझ्याच दुकानात येणाऱ्या एकाला तीस हजार दिले. कागद नाही, पावती नाही. रोज चहा घेणाऱ्या माणसाकडे पावती कशी मागायची? दोन दिवस गच्ची फोडली आणि गडी गायब. एका रात्री मी त्याच्या घरी जाऊन शिव्या घातल्या. आत त्याची आई आजारी होती, ती खोकत बाहेर आली. मी खजील होऊन परत आलो, आणि वर पुढच्या आठवड्यात ‘माल उचलायला’ म्हणून त्याला आणखी पंधरा हजार दिले. मग गणपतीनंतर, दिवाळीनंतर, संक्रांतीनंतर असं करत दोन वर्षं उलटली. ग्राहक मंचात, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात, जायची मुदत तेवढीच असते, हे मला वकिलानं मुदत संपल्यावर सांगितलं. त्या गच्चीखालच्या खोलीत अजून ओल आहे. तुझी काकू पावसाळ्यात तिथं बादली ठेवते आणि माझ्याकडे बघते.

म्हणून त्यानं फोन उचलला आणि ‘अजून पन्नास टाका, उद्या गडी पाठवतो’ म्हणाला, तर एक रुपया देऊ नको. कामच पुढं न्यायचं असेल तर मालाचे पैसे तू थेट दुकानात भरायचे आणि मजुरी झालेल्या कामावर आठवड्याला द्यायची. याला तो तयार झाला तर त्याची नियत अजून शाबूत आहे असं समज.

तू म्हणालीस, ‘तो चंदगडकडचा, पाहुण्यातला, आपला माणूस, म्हणून बाबांनी विश्वास ठेवला.’ आपल्या बेळगावकडच्या सीमाभागातली ही जुनी खोड आहे, माझ्यासकट. कचेरीत, पाटीवर, अर्जावर आपली भाषा सापडत नाही म्हणून मराठी बोलणारा भेटला की आपण खिशातली पावतीची वही परत खिशात घालतो. मला चुना लावणारा चौथी पिढी इथलाच मराठी होता. आणि रात्री दहाला फोन केला तरी माल परत घेणारा माझा सर्वांत भरवशाचा कंत्राटदार गोकाककडचा कन्नड माणूस आहे. एवढंच. या विषयावर मी सुरू झालो की थांबत नाही.

पैशाचा पुरावा आताच गोळा कर. दीड लाख तू यूपीआयनं दिलेस, ते बँकेच्या स्टेटमेंटमध्ये असतील. बाबांनी रोख दिलेल्या साठ हजारांचं काय? त्याला साधा, न भांडणारा मेसेज टाक, ‘बाबांनी तुम्हाला एप्रिलमध्ये रोख दिलेले साठ हजार धरून एकूण दोन लाख दहा हजार पोचलेत, काम कधी सुरू करताय?’ असा. तो ‘हो ताई, सोमवारी’ असं काही म्हणाला की तुला पावती मिळाली. चॅट पुसू नको आणि तोवर फोनही बदलू नको.

मग लेखी नोटीस. अमुक तारखेला इतके पैसे दिले, इतकं काम झालं, मोजणीचा कागद सोबत जोडलाय, पंधरा दिवसांत काम सुरू करा किंवा झालेल्या कामाची किंमत वजा करून उरलेले पैसे परत द्या. शिवीगाळ नको, ‘बघून घेईन’ नको. इंग्रजीत कर आणि सोबत मराठी प्रत जोड, कारण पुढं प्रकरण इथल्या ग्राहक आयोगासमोर गेलं तर कागद कन्नड किंवा इंग्रजीत लागतील. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलंय, तेव्हा काउंटरवर पोचपावती हवी असं स्पष्ट सांग.

पोलिसात जायचं की नाही? जा, पण फार आशा ठेवू नको. ‘हा सिव्हिल मॅटर आहे’ असं ऐकायला मिळेल आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. काम अर्धवट सोडणं म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही. पैसे घेतानाच करायचं नव्हतं, हे दिसावं लागतं. त्यानं खोटा पत्ता दिला असेल किंवा एकाच महिन्यात चार घरांकडून विसार घेऊन एकाही ठिकाणी गडी पाठवला नसेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागू शकतं. गावात आणखी कोण अडकलंय ते विचार. तिघं मिळून गेलात तर ठाण्यात ऐकून घेण्याची तऱ्हाच वेगळी असते.

खरी वाट ग्राहक आयोगाची. तो महाराष्ट्रातला, आपण कर्नाटकातले, मग चंदगडला खेटे घालायचे का, अशी तुला धास्ती होती. नाही. २०१९ च्या कायद्यानं तक्रार करणारा जिथं राहतो किंवा नोकरी करतो तिथंही तक्रार करता येते. सीमेवरच्या माणसाला ही मोठीच सोय आहे. म्हणजे तू बेंगळुरूतही करू शकतेस, पण घर इथं, मेस्त्री इथं, साक्षीदार इथं, तेव्हा बेळगावच्या जिल्हा आयोगातच कर. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून बघ, कधीकधी तेवढ्यानंही माणूस हलतो. वकील हवाच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना उत्पन्न न बघता मोफत मिळतो. मुदत दोन वर्षं. माझी बादली लक्षात ठेव.

गावात देवळासमोर बसून मिटवू असं कुणीतरी म्हणेलच. बस. नाही म्हणू नको, बाबांना त्याच गावात राहायचंय. फक्त जे ठरेल ते तिथंच कागदावर उतरव, हप्त्याच्या तारखांसह. त्यानं चेक दिला तर तो वटेपर्यंत मूळ करार आणि पावत्या हातातून सोडू नको. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, मग त्याला पंधरा दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. यातली एक तारीख चुकली तरी हातातलं हत्यार बोथट होतं.

बाबांना मात्र आजच सांग. ते रोज त्या उघड्या छपराखाली झोपतात, त्यांना काही कळत नाही असं कसं समजतेस?

दुकानात जाड ताडपत्रीचे दोन पट्टे बाजूला काढून ठेवलेत, अठरा बाय चोवीसचे. उद्या सकाळी खानापूरकडे टेम्पो जाणार आहे, त्यात टाकतो. पुढं जांबोटीपर्यंत न्यायला कुणाला तरी स्टँडवर पाठव. बिल तुझ्या नावावर केलंय, ते फायलीत लाव. आणि कौलं मोजताना फुटकी वेगळी रच, नवी किती लागतील ते मला रविवारी कळव.

तुझा,
काका

ता. क. त्याच्याकडे काम करणारा जो पोरगा तुला पाणी मागायला यायचा म्हणालीस, त्याचीही मजुरी थकली असेल. त्याच्यावर राग काढू नको. बसवून चहा दे. गडी सध्या कुठल्या घरावर आहेत, ते तोच सांगेल.