युद्ध सुरू असताना सरकार देशातला कारभार, धान्य, कपडा, पेट्रोल वगैरे कसं सांभाळतं? नुसत्या नोटा छापून भागतं का?

नोटा छापून सैन्याचे पगार भागतात, तांदूळ पिकत नाही. सरकारला पैसा कधीच कमी पडत नाही; कमी पडतात माणसं, बोटी, कोळसा आणि धान्य. सैन्याला जे गेलं ते घरच्या कुणाच्या तरी ताटातून जाणार. ते कुणाच्या, एवढंच सरकारला ठरवायचं असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हे आपल्या घरी एका पद्धतीने ठरवलं आणि हिंदुस्थानात अगदी वेगळ्या, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून सांगतो.

ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० मध्येच लोणी, साखर आणि बेकन रेशनवर आलं. प्रत्येकाने आपलं नाव एका दुकानदाराकडे नोंदवायचं आणि त्याच्याकडे जितकी नावं तितकाच माल त्याला मिळायचा. बहुतेक आयात अन्नखात्याच्याच हातात, त्यामुळे कार्डावर लिहिलेला माल सहसा मिळायचाच. मला सगळ्यात हुशारीचा वाटतो तो डिसेंबर १९४१ पासूनचा पॉइंटचा हिशोब. डबाबंद मासे, मांस वगैरेंसाठी माणशी ठरावीक पॉइंट, त्यात काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. एखादा डबा फार खपायला लागला की खातं त्याचे पॉइंट वाढवायचं, पडून राहिला की कमी करायचं. किंमत तीच, पण मागणी हवी तिकडे वळायची. गंमत म्हणजे पाव युद्ध संपेपर्यंत रेशनवर नव्हताच, तो आला जुलै १९४६ मध्ये! लोकांच्या हातातला जास्तीचा पैसा करातून काढून घेतला. १९४१ ला प्राप्तिकराचा दर पौंडाला १० शिलिंग, म्हणजे निम्मा झाला.

आता आपल्याकडचं बघा. नोव्हेंबर १९३९ च्या करारानुसार युद्धखर्चाचा मोठा वाटा ब्रिटनने द्यायचा होता. पण दिला कसा? लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर स्टर्लिंग, म्हणजे ब्रिटिश पौंड, जमा करायचं आणि त्याच्या आधारावर इथे रुपयाच्या नोटा काढायच्या. माल आज उचलला, पैसे युद्धानंतर कधीतरी. कर इथेही वाढवले, पण नोटांच्या लोंढ्यापुढे ते कुठेच पुरले नाहीत. १९४४-४५ पर्यंत घाऊक भाव युद्धापूर्वीच्या जवळजवळ अडीचपट झाले. महागाई हाच कर, आणि तो भरला ज्याच्याकडे ना जमीन ना पक्का पगार त्याने.

माझ्याकडे १९४३ चा भोकाचा पैसा आहे. मधे चांगलं मोठं भोक, वजन आधीच्या तांब्याच्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी. धातू लढाईला हवा, म्हणून नाण्याचं पोटच काढून टाकलं. चांदीच्या रुपयाचंही तेच: १९४० मध्ये त्यातली चांदी जवळपास ९२ टक्क्यांवरून निम्म्यावर आणली आणि एक रुपयाची नोट पुन्हा सुरू केली. जुने चांगले रुपये अर्थातच लोकांनी दडवले.

भाव बांधून देणं हा सरकारचा पहिला आणि सगळ्यात फसवा उपाय. डिसेंबर १९४१ मध्ये गव्हाचा कमाल भाव ठरवला आणि पुढे बाजारातून गहूच गायब झाला. ज्या सरकारच्या गोदामात पोती नाहीत, त्याच्या भावफलकाला व्यापारी कशाला भीक घालेल? जानेवारी १९४३ मध्ये ते बंधन काढून टाकावं लागलं. तोवर १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानने घेतला होता आणि रंगूनचा तांदूळ बंद झाला होता. मुंबई-कोकणाला तो चटका थेट बसला.

मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं आणि ते बऱ्यापैकी टिकलं, कारण शहरात येणारं धान्य सरकारने आपल्या हातात घेतलं. पण शहराच्या कार्डामागे खेड्यातली लेव्ही असते, म्हणजे शेतकऱ्याकडून ठरल्या भावाने सक्तीची खरेदी. हे आपण सोयीस्करपणे विसरतो. बंगालमध्ये तर उलटच घडलं. जपानी येतील या धास्तीने १९४२ मध्ये किनाऱ्याकडचा तांदूळ हलवला, होड्या काढून घेतल्या. कलकत्त्याच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी धान्याची सोय केली, आणि खेड्यातला शेतमजूर, कोळी, नावाडी वाढत्या भावापुढे उघडा पडला. त्या दुष्काळात २० ते ३० लाख माणसं गेली. कलकत्त्यात रेशन आलं जानेवारी १९४४ मध्ये. याला मी गैरव्यवस्था म्हणत नाही. कुणाला आधी जगवायचं ते ठरलेलं होतं.

कापडाचं काम त्यामानाने सोपं होतं, कारण गिरण्या मोजक्या आणि बऱ्याचशा मुंबई-अहमदाबादेत. १९४३ च्या हुकुमानंतर गिरणीतून निघणाऱ्या कापडावर किंमत छापावी लागली. काळाबाजार त्यानेही थांबला नाही, पण निदान गिऱ्हाइकाला आपण किती लुबाडले जातोय ते कळायचं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ही बंधनं युद्धाबरोबर संपत नाहीत. १९४७ च्या अखेरीस धान्यावरचा कंट्रोल उठवायला घेतला, भाव भडकले आणि १९४८ मध्ये तो परत आणावा लागला. कंपन्यांनी भांडवल उभारण्यावर १९४३ मध्ये घातलेलं नियंत्रण तर १९९२ पर्यंत चाललं. कापडासाठी तेव्हा नेमलेल्या टेक्सटाइल कमिशनरचं कार्यालय मुंबईत अजून आहे.