तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : साध्या स्वेटरवरचं भरतकाम

प्रश्न : दुकानातून आणलेल्या गडद निळ्या स्वेटरच्या गळ्याभोवती सुती दोऱ्याने वेल भरली. आता वेलीच्या कडेने चुण्या पडल्यात आणि गळा डोक्यातून खाली उतरत नाही. सगळं उसवावं लागेल का? (नाशिक)

उत्तर : गळ्यावरचं तरी उसवावंच लागेल. वीण ताणते, सुती दोरा ताणत नाही. धावदोऱ्याने किंवा उलट्या टिपेने गळा बांधल्यासारखा होतो. तिथे वेल हवीच असेल तर साखळी टाका किंवा हेरिंगबोन (एकमेकांना छेदणारे तिरके टाके) घ्या, तोही सैल, आणि दर चार-पाच टाक्यांनी गळा हाताने ताणून बघा.

चुण्या बहुतेक रिंगेमुळे, म्हणजे भरताना कापड ताणून धरणाऱ्या गोल चौकटीमुळे, पडल्या असाव्यात. रिंगेत स्वेटर घट्ट ताणला की वीण उघडते, टाके त्या उघडलेल्या विणीवर पडतात. रिंग काढली की वीण मिटायला बघते, पण टाके तिला मिटू देत नाहीत. म्हणून स्वेटरवर रिंग लावूच नये. खांद्याजवळ किंवा छातीच्या वरच्या भागावर भरायचं असेल, तर आतून मलमलचा तुकडा टाचून घ्या. सहा पदरी दोऱ्यातले तीन पदर आणि बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई पुरते. टोकदार सुई लोकरीचा धागा चिरत जाते. सुरुवातीला गाठ मारू नका, ती विणीतून सुटून वर येते. आठ-दहा सेंटिमीटर शेपूट सोडून शेवटी मागच्या टाक्यांत ओवून टाका.

उसवताना टाके मागच्या बाजूने, एकेक करून कापा. घाईत स्वेटरचाच एक धागा कापला गेला तर वीण शिडीसारखी सुटत जाते.

प्रश्न : गडद स्वेटरवर नक्षी उतरवायची कशी? खडू टिकत नाही, पेन दिसत नाही. (सोलापूर)

उत्तर : नक्षी पांढऱ्या पतंगाच्या कागदावर काढा, कागद स्वेटरवर टाचा आणि कागदासकट भरा. झाल्यावर कागद टाक्याच्या दिशेने हलक्या हाताने फाडा, उरलेले कपटे चिमट्याने काढा. संक्रांतीनंतर उरलेला रंगीत कागद मात्र वापरू नका, ओला झाला की त्याचा रंग उतरतो. पाण्यात विरघळणारा पारदर्शक कागदही मिळतो. काम त्याहून सोपं होतं, पण पावसाळी हवेत तो मऊ पडून चिकटतो, म्हणून बंद पिशवीत ठेवावा.

प्रश्न : आलेख कागदावरचं हृदय हाताने विणलेल्या स्वेटरवर विणीच्या टाक्यांवरच भरलं, तर ते चपटं झालं. मोजणी तर बरोबर होती. (ठाणे)

उत्तर : मोजणी बरोबरच असेल, कागद चुकला. सुलट विणीतला टाका उंचीपेक्षा रुंद असतो. समजा तुमच्या विणीत 10 सेंटिमीटरमध्ये आडवे 20 टाके आणि उभ्या 28 ओळी बसतात. मग 20 बाय 20 चौकटींची नक्षी 10 सेंटिमीटर रुंद, पण जेमतेम 7 सेंटिमीटर उंच होते. उंचीही 10 हवी असेल तर त्याच नक्षीला 28 ओळी द्या. आधी स्वेटरवर पट्टी ठेवून टाके आणि ओळी मोजायच्या, मगच नक्षी आखायची.

टाका असा : सुलट विणीतला प्रत्येक टाका इंग्रजी व्हीसारखा दिसतो. त्या व्हीच्या खालच्या टोकातून सुई वर काढा, वरच्या ओळीतल्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून उजवीकडून डावीकडे न्या आणि त्याच टोकात परत खाली घाला. लोकर स्वेटरच्याच जाडीची हवी. बारीक असेल तर खालचा रंग डोकावतो, जाड असेल तर नक्षी फुगते. धागा 45 सेंटिमीटरपेक्षा लांब घेतला तर घासून पिंजतो. यंत्रावर विणलेल्या बारीक स्वेटरवर हा उद्योग करू नये, डोळे जातात आणि नक्षी टिचभर दिसते.

प्रश्न : पांढऱ्या स्वेटरवर लाल दोरा भरायचा आहे. रंग लागेल का? (बेळगाव)

उत्तर : वीतभर दोरा भिजवून पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा आणि वरून गरम इस्त्री दाबा. डाग पडला तर तो दोरा बाद. भरून झाल्यावर रंग सुटलाच, तर स्वेटर वाळू न देता गार पाण्यात बुडवा आणि स्वच्छ येईपर्यंत पाणी बदलत राहा. खऱ्या लोकरीवर ब्लीच घालू नका, लोकर पिवळी पडून विरते.

इस्त्री स्वेटरवर टेकवू नका. उलट्या बाजूने, खाली टॉवेल घालून, नुसती वाफ द्या. ॲक्रिलिक वीण उष्णतेने एकदा बसली की परत फुलत नाही. आपल्याकडे ‘लोकर’ म्हणून मिळणारं बरंच ॲक्रिलिकच असतं. एक तुकडा जाळून बघा : लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरते, ॲक्रिलिक वितळून कडक गोळी होते.

प्रश्न : दोन वर्षांच्या नातीच्या स्वेटरला आरसे आणि मणी लावू का? (इंदूर)

उत्तर : नको. मणी सुटला की थेट तोंडात जातो, आणि आरशांच्या वजनाने पातळ वीण लोंबते. गोंडेही तिच्या हाताशी नकोत, ती ते उपटणार. त्याऐवजी जाड लोकरीची साखळी टाक्याची फुलं भरा. आतल्या बाजूला लांब धागे सुटे राहिले तर तिची बोटं त्यात अडकतील, म्हणून मागून मऊ सुती कापड शिवून टाका.