गिटारींची गर्दी नव्हे, दांडीवरचा हात : माय ब्लडी व्हॅलेंटाइनबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माय ब्लडी व्हॅलेंटाइन या रॉक बँडचा 'लव्हलेस' अल्बम ऐकताना शंभर गिटारी एकावर एक चढवल्यासारखं वाटतं. मी लॅपटॉपवर वीस ट्रॅक रेकॉर्ड केले, तर नुसता चिखल झाला. कुठे चुकतंय?

उत्तर : ट्रॅकच्या संख्येतच चुकतंय. बँडचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स वर्षानुवर्षं सांगत आलाय की या अल्बममध्ये लोकांना वाटतात त्याच्या मानाने गिटारी फारच थोड्या आहेत. तो कॉर्ड वाजवता वाजवताच ट्रेमोलोची दांडी (ब्रिजला जोडलेली, तारांचा ताण बदलणारी) हातात धरून हलवतो, त्यामुळे अख्खी कॉर्ड किंचित खाली सरकते आणि परत येते. एका ट्रॅकवर ही लहर स्पष्ट कळते. वीस ट्रॅकवर प्रत्येक लहर वेगळ्या क्षणी खाली-वर होते आणि कानाला एकही धरता येत नाही. एकच ट्रॅक ठेवा. तो एकटा चांगला वाटेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. कोरस किंवा फ्लँजर या लहर आणणाऱ्या इफेक्ट पेडलने हे साधत नाही, कारण त्यांची लहर ठरावीक गतीने फिरत राहते, तुमच्या स्ट्रमिंगशी (तारा छेडण्याशी) तिचा काही संबंध नसतो.

प्रश्न : माझ्याकडे स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची साधी गिटार आहे. दांडी वापरली की दोन मिनिटांत ट्यूनिंग उतरतं. शील्ड्ससारखी जॅझमास्टर (फेंडरचंच दुसरं मॉडेल) घ्यावीच लागेल का?

उत्तर : नाही. जॅझमास्टरची दांडी लांब असते आणि तिची हालचाल मऊ, म्हणून ती शील्ड्सला सोयीची. तो ती सॉकेटमध्ये पूर्ण न दाबता थोडी वर ठेवतो, म्हणजे स्ट्रमिंग करणाऱ्या हातात ती आपसूक येते. पण स्ट्रॅटवरही काम भागतं.

आधी नट पाहा, म्हणजे गिटारीच्या मानेच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी. ट्यूनिंग उतरण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं : तार खाचेत अडकते आणि परत येताना मूळ जागी पोचत नाही. तार बाजूला करून खाचेत मऊ पेन्सिल घासा, शिसं वंगणाचं काम करतं. खुंटीवर दोन-तीनच वेढे ठेवा. नव्या तारा हाताने ओढून पुन्हा ट्यून करा, आणि सूर उतरायचा थांबेपर्यंत हे चालू ठेवा. ब्रिजची (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाची) मागची कड बॉडीपासून साधारण 3 मिमी वर तरंगू द्या. मागे पाच स्प्रिंगा असतील तर तीन करा, दांडी हलकी होईल. स्प्रिंग काढल्यावर ब्रिज पुढे झुकतो. मागच्या क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे) स्क्रू थोडे थोडे आवळत आणि दर वेळी ट्यून करत तो जागेवर आणा. दांडी सैल लोंबत असेल तर तिच्या आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप एक-दोन वेढे गुंडाळा.

आता हात. पिक (तारा छेडायची चकती) अंगठा आणि तर्जनीत, दांडी उरलेल्या बोटांत आणि तळव्यात. ती सोडायची नाही. मनगट स्ट्रमिंग करतं, त्याच झोक्यात दांडी जरा दबते. सूर पाव टप्प्याच्या आसपास हलला तरी पुरे. नवशिके नेहमी जास्त दाबतात आणि गिटार बेसूर वाटू लागते. शक्य असेल तर शेजारच्या दोन तारा एकाच सुरात लावा. त्यांच्यातला बारीक फरक दांडी दाबताच गुणगुणू लागतो.

रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) शेवटी. शील्ड्सने यामाहा एसपीएक्स90 सारख्या इफेक्ट यंत्रांतला रिव्हर्स रिव्हर्ब वापरला. तो नाद उलटा वाजवत नाही. मंद सुरू होऊन फुगतो आणि एकदम तुटतो, त्यामुळे पिकचा ठोका पुसला जातो. मिक्स 100 टक्के वेट हवा, म्हणजे फक्त इफेक्टचा आवाज. मूळ आवाज शिल्लक राहिला की ठोका परत येतो आणि जादू जाते.

प्रश्न : बँड ऐकायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर : 1983 मध्ये डब्लिनला शील्ड्स आणि ड्रमर कोल्म ओ किओसोइग यांनी बँड सुरू केला. सुरुवातीच्या रेकॉर्ड सोडल्या तरी चालतील. 1987 मध्ये गायिका-गिटारवादक बिलिंडा बुचर आली, आणि 1988 च्या 'यू मेड मी रिअलाइज' ईपीपासून (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) खरा आवाज सापडला. तीच आधी ऐका, मग त्याच वर्षीचा 'इझन्ट एनिथिंग'. त्यात ड्रम मोकळे आणि गिटारी उघड्या आहेत, हाताची करामत तिथे सहज पकडता येते. 'लव्हलेस' (1991) त्यानंतर. पुढचा अल्बम थेट 2013 मध्ये आला.

प्रश्न : 'लव्हलेस'मधले शब्द कळतच नाहीत. मिक्सिंग बिघडलंय का?

उत्तर : मुळीच नाही. गाणारा आवाज मुद्दाम गिटारीइतकाच ठेवलाय, एकच ओळ अनेकदा गाऊन मऊ केलेली आहे. म्हणून आवाज वाढवून काही हाती लागणार नाही, उलट कान दमतील. 85 डेसिबलला आठ तास सुरक्षित धरले जातात, आणि दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. हा बँड स्वतःच्या कार्यक्रमांत श्रोत्यांना इअरप्लग वाटतो. घरी दांडीचा सराव करताना अँप हळूच ठेवा. लहर कमी आवाजात जास्त नीट ऐकू येते.