इंग्रजीतले व्ही आणि डब्ल्यू वेगळे कसे उच्चारायचे? माझ्या तोंडी दोन्हींचा 'व'च होतो.

याचं कारण मराठी 'व' या दोन्ही उच्चारांच्या मध्ये कुठेतरी बसतो. 'वारा' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण घट्ट टेकत नाही, आणि ओठांचा चंबूही होत नाही. व्हीला दात टेकायलाच हवेत, डब्ल्यूला चंबू हवाच. त्यामुळे आपला 'व' सुधारत बसू नका. तो मराठीसाठी राहू द्या आणि तोंडाच्या दोन नव्या ठेवणी शिका.

आधी व्ही. सुरुवात 'फ'पासून करा, पण दोन्ही ओठ मिटून उघडणारा 'फ' नको, दातांनी हवा घासत सोडणारा हवा. खालच्या ओठाची आतली ओलसर कड वरच्या पुढच्या दातांना हलकी टेकवा आणि तीन-चार सेकंद हवा सोडत राहा. आता ओठ, दात काहीही न हलवता त्यात घशातला आवाज मिसळा. कंठावर बोटं ठेवलीत तर थरथर जाणवेल आणि ओठाला गुदगुल्या होतील. हाच व्ही. गुदगुल्या नसतील तर दात नीट टेकलेले नाहीत. आवाज अडून 'ब'कडे झुकत असेल तर ओठ जास्त दाबला जातोय.

इथे आपली लेखनपद्धत फसवते. 'व्हॅन', 'व्हिडिओ' यांतला 'ह' केवळ व्ही दाखवायची खूण आहे (खालीही मी तसंच लिहिलंय), उच्चारात तो अजिबात नाही. 'जिव्हाळा'सारखा श्वास सोडून 'व्हेरी' म्हणणं ही माझ्या मते मराठी माणसाची सगळ्यात चिवट सवय. तोंडासमोर तळहात धरा. हवेचा झोत आदळला तर 'ह' मिसळतोय.

डब्ल्यूसाठी शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ गोल करून पुढे काढा. दात ओठाला लागता कामा नयेत, आरशात दिसताही कामा नयेत. तिथून 'ऊ' म्हणा आणि न थांबता पुढच्या स्वरावर घसरा: 'ऊ-एट', 'ऊ-एट'. वेग वाढवत नेलात की 'वेट' तयार होतो. जिभेचा मागचा भाग थोडा वर जावा लागतो, पण 'ऊ'बरोबर तो आपोआप जातो.

खरी अडचण डब्ल्यूनंतर 'उ' आला की होते. 'वुमन'चं 'उमन' आणि 'वुड'चं 'उड' होतं, कारण दोन्हीकडे ओठ गोलच असतात. इथे डब्ल्यूला ओठ नेहमीपेक्षा जास्त आवळा आणि 'उ'वर येताना थोडे सैल सोडा. तो सैलपणा ऐकू येतो.

मग जोड्या घ्या, आरशासमोर, सावकाश: व्हेट (जनावरांचा डॉक्टर) आणि वेट (ओला), व्हाइन (वेल) आणि वाइन, व्हेल (बुरखा) आणि वेल (देवमासा), व्हर्स (कडवं) आणि वर्स (आणखी वाईट). नंतर एकाच शब्दात दोन्ही येतात ते: 'वेव्ह', 'ट्वेल्व्ह'. शेवटी 'व्हेरी वेल'. व्ही जमू लागला की तो डब्ल्यूच्या जागीही घुसतो आणि 'व्हॉट', 'व्हेन' ऐकू येतं. म्हणून सरावात दोन्ही कायम बरोबर ठेवा. आवाज रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका आणि न बघता शब्द ओळखता येतो का पाहा.

शब्दाच्या शेवटच्या व्हीला 'अ' जोडू नका. 'फाइव्ह' म्हणून दात ओठावरच राहू द्या. शेवटी घर्षण हलकं असतं आणि फरक बराचसा आधीच्या स्वरावर ठरतो: 'सेव्ह'मधला 'ए' 'सेफ'मधल्यापेक्षा लांब असतो.

स्पेलिंगवर मात्र विसंबू नका. 'ऑफ' (लांब, बंद) आणि षष्ठीसाठी वापरतात तो 'ऑव्ह' यांत दुसऱ्यात एकच एफ आहे, तरी उच्चार व्हीचा आहे. 'राइट' (लिहिणे), 'आन्सर', 'सोर्ड', 'हू' यांतला डब्ल्यू मुका आहे. उलट 'वन' आणि 'वन्स' यांत डब्ल्यू लिहीत नाहीत, पण म्हणावा लागतो. 'क्विक', 'क्वीन' यांतही तोच आहे, आणि तिथे ओठ 'क' म्हणतानाच गोल झालेले असावेत.