बोटांतल्या मुंग्या आणि निसटलेली चप्पल

प्रश्न : माझ्या आईला आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ऑक्झॅलिप्लॅटिनची केमोथेरपी चालू आहे. बर्फातले बांगडे हातात घेतले की तिच्या बोटांत सुया टोचतात, आणि हल्ली पायांतली चप्पल निसटलेलीही तिला कळत नाही. हा अशक्तपणा असेल का? शक्तीच्या गोळ्या सुरू कराव्यात का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : हा अशक्तपणा नव्हे, औषधाने मज्जातंतूंना केलेली ही इजा आहे, आणि तुम्ही सांगितलेल्या दोन तक्रारी एकाच प्रकारच्या नाहीत. थंड स्पर्शाने टोचणाऱ्या सुया औषधाने मज्जातंतूंवरील सोडियम आत सोडणाऱ्या मार्गिकांचे काम बिघडवल्यामुळे येतात आणि बहुधा काही दिवसांत ओसरतात. चप्पल निसटणे मात्र अधिक काळजीचे आहे. पाठीच्या कण्यालगत स्पर्शाची जाणीव पोहोचवणाऱ्या मज्जापेशींचे पुंजके असतात; त्यांना रक्तातील द्रव्यांपासून पुरेसे संरक्षण नसते. तेथे या औषधातले प्लॅटिनम साठून पेशींच्या डीएनएला चिकटते. या पेशींचे पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू सुमारे एक मीटर लांब असल्यामुळे सर्वांत दूरची टोके आधी बधिर होतात. ही इजा प्रत्येक डोसागणिक वाढत जाते.

ती खात्रीने टाळणारे औषध आजही नाही. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत वेदनेसाठी केवळ ड्युलोक्झेटिन या औषधाची शिफारस केली आहे, आणि तेही तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे. शक्तीच्या गोळ्या मनाने मुळीच देऊ नका : ॲसिटिल-एल-कार्निटिन या पूरक गोळीने मज्जातंतूंचे रक्षण होईल, अशी आशा होती, पण टॅक्सेन गटातली केमोथेरपीची औषधे घेणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांवर 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्रास उलट वाढला. बी-12 ची कमतरता तपासणीत आढळली, तर ती भरून काढावी. खरा उपाय म्हणजे डोस कमी करणे, लांबवणे किंवा थांबवणे. तो निर्णय डॉक्टर वेळीच घेऊ शकतील, पण त्यासाठी त्यांना हे कळले पाहिजे. आपण सांगितले तर उपचारच बंद पडतील, या भीतीने अनेक रुग्ण गप्प राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

औषध थांबल्यानंतरही काही महिने बधिरपणा वाढू शकतो. त्याने घाबरू नका. पुढे बहुतेकांना हळूहळू आराम पडतो, काहींना थोडा त्रास राहतो. तोवर देवळाच्या तापलेल्या प्रांगणात आईंना अनवाणी फिरू देऊ नका, आंघोळीचे पाणी घरातल्या दुसऱ्या कुणी हात घालून पाहावे आणि रोज रात्री त्यांचे तळवे उजेडात तपासावेत. पुढच्या सलाईनला जाण्यापूर्वी आईंना पोलक्याचे हूक स्वतः लावता येतात का, ते पाहा, आणि डॉक्टरांना चपलेबरोबर हेही सांगा.